एका यादीवर दोन सह्या

जिल्ह्याकडून आलेल्या निरेंडासाहेबांनी दोन्ही गावांच्या याद्या पुन्हा एकदा वाचल्या आणि चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. नाम्पोटा गावानं पाच वर्षांच्या आतली चौऱ्याण्णव मुलं लिहून दिली होती, ओढ्यापलीकडच्या चिसालेनं एकशे सतरा. साहेबांना हात धुवायला जिनं डोक्यावरून भरलेली बादली आणली, त्या उंचनिंच मुलीचंही नाव यादीत होतं. एका घरातलं तर अजून जन्माला न आलेलं बाळ होतं, आणि जुळं होईल या भरवशावर ते दोनदा लिहिलं होतं.

"दोन्ही गावांत मिळून घरं दीडशे," साहेब म्हणाले. "एवढी मुलं तुम्ही ठेवता कुठे?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की जिल्ह्याकडून केंद्र एकच मिळणार आहे. बालवाडी, बाळांचं वजन, लशी, गरोदर बायांची तपासणी, सगळं एका छपराखाली. पत्रे, सिमेंट आणि दारं-खिडक्या वरून येणार, विटा, वाळू आणि अंगमेहनत गावांची. त्यासाठी साठाच्या वर मुलं हवीत, बारमाही पाणी हवं आणि जागेवर दोन्ही गावप्रमुखांच्या सह्या हव्यात. सप्टेंबर संपेपर्यंत हे जमलं नाही, तर केंद्र डोंगराकडच्या तिसऱ्याच भागाला जाणार होतं. म्हणून तर ज्यानं त्यानं आपापली यादी फुगवली होती. ज्याच्याकडे मुलं जास्त, त्याच्या बाजूला इमारत, असा हिशेब.

साहेबांनी दोन्ही याद्या फाडल्या. मग पिशवीतून एक कोरी वही काढली आणि समोर बसलेल्या दोन बायांकडे पाहिलं. एक लेफिना, नाम्पोटाच्या चर्चच्या ओसरीवर नऊ वर्षं बालवाडी चालवणारी. दुसरी आसियातू, चिसालेच्या मशिदीशेजारच्या झाडाखाली गेली साडेचार वर्षं मुलं सांभाळणारी. दोघींना कुणी पगार देत नव्हतं.

"तुम्ही दोघींनी मिळून घरोघरी जायचं," साहेब म्हणाले. "तीन दिवस. मूल डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं. एक वही, आणि शेवटी दोघींच्या सह्या. त्याशिवाय मी दुसरा कागद हातात धरणार नाही."

आसियातूनं हात पुढे करून वही घेतली आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्याच्या गाठीत खोचली. लेफिनाकडे तिनं पाहिलं नाही. पाच वर्षांत तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आसियातूचा चार वर्षांचा अमिदू दोन गावांमधल्या लिफानी ओढ्यात वाहून गेला होता. त्या वेळी चिसालेची सहा मुलं ओढा ओलांडून लेफिनाच्याच बालवाडीत यायची. साडेअकराला बालवाडी सुटायची आणि त्यांच्या आया पाळीपाळीनं ओढ्याच्या उतारापाशी येऊन सगळ्यांना घेऊन जायच्या. त्या दिवशी पाळी आसियातूची होती. वर डोंगरावर पाऊस झाला, इथे आभाळ कोरडं होतं. मुलं उताराला पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं, आणि पाणी आलं. पाच मुलं पार झाली. अमिदू दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, भाताच्या खाचरात सापडला.

आई उशिरा पोचली, असं दोन्ही गावांत ठरून गेलं. त्यानंतर पलीकडचं एकही मूल अलीकडे आलं नाही.

*

पहिल्या दिवशी दोघींनी नाम्पोटाची घरं केली. आसियातू कामापुरतं बोलत होती. नाव, वय, आईचं नाव, टोचून झालंय का. पूर्वी ती लेफिनाला 'आमायी' म्हणायची, सख्ख्या आईला म्हणावं तसं. आता 'मॅडम' म्हणत होती, शाळेतल्या बाईला म्हणतात तसं, आणि त्या एका शब्दानं लेफिनाला अंगणाबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं.

काम मात्र चोख होत होतं. आसियातूची नजर तिखट होती. एका घरात एक चार वर्षांचा म्हणून दाखवलेला मुलगा तिनं तोंड उघडायला लावला, पुढचे दोन दात पडलेले पाहिले आणि पुढे चालू लागली. त्याची आई मागून ओरडली, की हा गोड खातो म्हणून दात पडले. आसियातू म्हणाली, "मग माझ्या सासूलाही लिहू का? तिचेही पडलेत." आसपासच्या बाया हसल्या. लेफिनालाही हसू आलं आणि तिनं ते लगेच गिळलं.

दुसऱ्या दिवशी चिसालेकडे जायला ओढा ओलांडावा लागला. सप्टेंबरात तिथे पाणी कसलं, नुसते दगड आणि गुरांच्या पायांचे ठसे. तरी उतारापाशी येताच आसियातू थांबली. तिनं लेफिनाला पुढे जाऊ दिलं. लेफिना पलीकडे चढून गेली, मागे वळून पाहिलं, तर आसियातू अजून तिथेच होती. थोड्या वेळानं ती खाली मान घालून, भराभर पार झाली.

दुपारी ऊन असह्य झालं तेव्हा दोघी एका घराच्या सावलीला टेकल्या. घरच्या बाईनं थोब्वाचा, मक्याच्या आंबटगोड पेजेचा, वाडगा आणून ठेवला. आसियातूनं आधी लेफिनापुढे सरकवला, मोठ्या माणसाला द्यावा तसा. मग स्वतः न पिता म्हणाली,

"एक विचारायचं होतं, मॅडम. त्या दिवशी मुलं किती वाजता सोडली होतीत?"

लेफिनानं वाडगा खाली ठेवला. हा प्रश्न तिला पाच वर्षांत पोलिसांनी विचारला होता, चर्चच्या वडीलधाऱ्यांनी विचारला होता. आसियातूनं कधी विचारला नव्हता.

"साडेअकरा," ती म्हणाली. "नेहमीसारखीच."

आसियातूनं मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं.

"मी घरून निघाले तेव्हा मशिदीतली म्हातारी अंगण झाडत होती. ती रोज अकराला झाडते. म्हणून मला वाटलं होतं, मी वेळेत आहे. पण माझ्याकडे घड्याळ नव्हतं. नवरा म्हणाला, म्हातारीनं त्या दिवशी उशिरा झाडलं असेल. सासू म्हणाली, तू वाटेत गप्पा मारत बसली असशील. तीन वर्षांपूर्वी धाकटी साकिना पोटात होती तेव्हा नवरा जोहान्सबर्गला गेला, तो गेलाच." ती वहीची कड बोटानं सरळ करत होती. "मी किती वेळा ती वाट पुन्हा चालून बघितली. गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. पण मारल्या असतील. नाहीतर मी पोचले असते ना?"

लेफिनानं वाडगा परत तिच्यापुढे सरकवला. आसियातू उठली, चितेंजे झटकलं आणि पुढच्या घराकडे निघाली. त्या दिवशी त्यांनी आणखी चौदा मुलं लिहिली. लेफिनाच्या हातचं अक्षर इतकं वाकडं आलं की शेवटची पाच नावं आसियातूनं पुन्हा लिहून काढली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी यादी पुरी झाली. एकाहत्तर मुलं. साठाच्या वर, आणि सगळी खरी. खाली दोन सह्यांची जागा होती. आसियातू म्हणाली, "सभेत करू, सगळ्यांसमोर," आणि वही घेऊन गेली.

लेफिना घरी न जाता थेट गावप्रमुखाच्या अंगणात गेली. त्या भागात गावाचं जे नाव तेच प्रमुखाचं, आणि इथे गादी बाईकडे होती. नाम्पोटा ही लेफिनाच्या आईची थोरली बहीण, सत्तरीची, पाठीनं वाकलेली आणि जिभेनं ताठ. ती सुपात भुईमूग सोलत बसली होती. लेफिनानं गुडघे टेकून नमस्कार केला आणि आसियातूनं विचारलेलं सगळं सांगितलं.

"मग? तू काय म्हणालीस?"

"साडेअकरा."

"बरं केलंस."

"मावशी, ती रोज ती वाट चालून बघते. आपण कुठे गप्पा मारल्या ते शोधत."

नाम्पोटाचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. त्या दिवसाची खरी हकिकत जगात दोघींनाच ठाऊक होती. ते उपासमारीचं वर्ष होतं. मदतीच्या मक्याची लॉरी बाजारात आली आहे, दुपारच्या आत जाणाऱ्यालाच पोतं मिळेल, असा निरोप नाम्पोटानंच चर्चवर धाडला होता. लेफिनाच्या घरी तिची म्हातारी आई आणि चार तोंडं होती, आणि दोन दिवस चुलीवर फक्त भोपळ्याची पानं शिजली होती. तिनं आभाळ पाहिलं, ते स्वच्छ होतं. दहा वाजता तिनं मुलं सोडली. चिसालेच्या सहांना म्हणाली, हात धरून जा. आणि ती बाजाराकडे धावली. तिला पोतं मिळालं.

संध्याकाळी बातमी आली तेव्हा नाम्पोटा स्वतः तिच्या घरी आली होती. "साडेअकरा म्हण," एवढंच म्हणाली होती. त्या सहांतली जी पाच उरली ती इतकी लहान होती की त्यांना वेळ विचारून कुणाला काही कळणार नव्हतं. ओसरीवरच्या इतर मुलांच्या आया त्या सकाळी सगळ्या बाजारातच रांगेत होत्या, आणि तिथल्या झुंबडीत कोण किती वाजता आलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

"ऐक," नाम्पोटा आता म्हणाली. "पंप आपल्याकडे आहे. बारमाही पाणी दुसरीकडे कुठे नाही. साहेबाला जागा इथेच द्यावी लागेल. चिसालेचा म्हातारा एकच गोष्ट पुढे करणार, ओढा. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. ते उत्तर तू काढून घेतलंस तर केंद्र डोंगराकडे जाईल. एका गेलेल्या पोरापायी एकाहत्तर जिवंत पोरांना तू उन्हात बसवणार आहेस का?"

खोटं यात काहीच नव्हतं. गेल्या गोवरात तिच्या ओसरीवरची दोन मुलं दगावली होती, कारण लशीसाठी चार तास चालावं लागायचं. ते मावशीलाही ठाऊक होतं.

"आणि निरोप कुणी धाडला होता तेही निघेल," नाम्पोटा म्हणाली. "मी तुझ्यापासून लपवत नाही. मला माझीही भीती आहे."

तिनं सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ लेफिनाच्या ओंजळीत टाकली आणि तिला जायला सांगितलं.

*

सभा उतारापाशीच भरली. कुणाच्या अंगणात नको म्हणून ती जागा दोन्ही बाजूंनी मान्य केली होती. एका काठावर नाम्पोटाची माणसं, दुसऱ्या काठावर चिसालेची, आणि मधे कोरड्या पात्रात साहेबांची खुर्ची. आसियातू साकिनाला पाठीवर बांधून, मांडीवर वही घेऊन आपल्या बाजूला बसली होती. लेफिना आपल्या बाजूला. दोघींच्या मधे वीस पावलं अंतर असेल.

साहेबांनी एकाहत्तर आकडा वाचून दाखवला आणि दोन्ही बायांचं नाव घेऊन कौतुक केलं. मग जागेचा विषय निघाला आणि हवा बदलली. चिसालेचे प्रमुख सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले की पंप पलीकडे आहे हे मान्य, पण पंप नवाही खोदता येतो. मूल नवं करता येत नाही. पावसाचे चार महिने आमची मुलं हा ओढा कशी ओलांडणार? एकदा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बाजूनं होकाराचा गलका झाला. कुणीतरी अमिदूचं नाव घेतलं.

नाम्पोटा काठी टेकून उभी राहिली.

"त्या पोरासाठी मीही रडले आहे," ती म्हणाली. "पण खरं ते बोललं पाहिजे. ओढा काल आला नाही. आमचे आजे-पणजे तो ओलांडत आले. आई वेळेवर उभी असती, तर मूल घरी गेलं असतं. केंद्रात नियम असतील, वेळ असेल. जो वेळ पाळील त्याच्या मुलाला ओढा काही करणार नाही."

पलीकडचा काठ खवळला. दोन-तीन तरुण उठून उभे राहिले, वृद्धांनी त्यांना हाताला धरून बसवलं. साहेब हात वर करून शांत राहायला सांगत होते. आणि मग सगळ्यांच्या माना एकेक करून आसियातूकडे वळल्या, तिच्या गावच्याही. तिनं काहीतरी म्हणावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

आसियातू उठली. पाठीवरची साकिना झोपली होती, तिला एका हातानं सावरत ती म्हणाली,

"प्रमुख म्हणतात ते खरं आहे. मी उशिरा पोचले होते."

ती खाली बसली. ते तिनं साधेपणानं सांगितलं, कुणी आपलं गाव विचारल्यावर सांगावं तसं. चिसालेचे प्रमुख जमिनीकडे पाहू लागले. साहेबांनी खिशातून पेन काढलं. नाम्पोटानं लेफिनाकडे पाहिलं. ती नजर धाकाची नव्हती, विनवणीची होती. मावशीला असं विनवताना लेफिनानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आपण उभ्या राहिलो आहोत हे लेफिनाला चितेंज्याची गाठ सुटून पायात आल्यावर कळलं. तिनं ती पुन्हा बांधली. तोवर सगळे तिच्याकडे पाहू लागले होते.

"ती उशिरा आली नव्हती," ती म्हणाली. "मी मुलं दहाला सोडली."

साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं.

"दहा वाजता. साडेअकराला नाही. बाजारात मक्याची लॉरी आली होती, मला पोतं हवं होतं. मी त्यांना एकटं सोडलं आणि बाजारात गेले. नंतर मी खोटं बोलले. पोलिसांना, चर्चमध्ये, परवा तिच्या तोंडावर. निरोप कुणी आणला, कुणी धाडला, ते विचारू नका. मुलं माझ्या ताब्यात होती. सोडली मी."

मग चिसालेच्या बाजूनं एक म्हातारी खाली उतरली, वीस पावलं चालत आली आणि लेफिनाच्या पायांपुढे थुंकली. ती आसियातूची सासू होती. तिच्यामागून इतर आले, आणि नाम्पोटाचे पुरुष लेफिनाच्या पुढे येऊन उभे राहिले, पण तिच्याकडे पाठ करून, जणू तिला वाचवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. साहेबांनी खुर्ची सोडली. ते मोठ्यानं सांगत होते की आज सही होणार नाही, नऊ दिवसांनी मी येईन, तेव्हा शेवटचं.

गर्दीच्या फटीतून लेफिनाला आसियातू दिसली. ती बसल्या जागेवरून हलली नव्हती. तिचे ओठ हलत होते. मग ती उठली, कोरडं पात्र ओलांडून आली, माणसांच्या मधून हात घालून वही लेफिनाच्या छातीशी धरली आणि लेफिनानं ती घेतल्यावर परत गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लेफिनानं नेहमीसारखी ओसरी झाडली आणि लापशीचं आधण ठेवलं. सत्तावीस मुलांपैकी तीन आली. त्या तिघांच्या आया शेतावर लांब गेल्या होत्या, त्यांच्या कानावर अजून काही गेलं नसावं. तिसऱ्या दिवशी एकही आलं नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला की ओसरीची किल्ली देऊन टाकावी. ओसरीला किल्ली नव्हतीच. भांड्यांच्या पेटीला होती, ती तिनं दिली.

लेफिनाची मुलगी तिच्यावर चिडली, मग रडली, मग म्हणाली, एवढी वर्षं कशी गं राहिलीस. पहिली काही वर्षं लेफिना रोज मरत होती. मग मधेमधे विसरू लागली, आणि ते विसरणं आठवलं की अंगाला काटा यायचा, एवढंच ती म्हणाली. नाम्पोटानं लेफिनाच्या अंगणाकडचा रस्ता सोडून दुसऱ्या वाटेनं जायला सुरुवात केली. सही होणार नाही, केंद्र गेलं, असंच सगळे धरून चालले होते. पंपावर बाया पाणी भरत असताना लेफिना गेली की रांग आपोआप तुटायची आणि तिला पुढे जागा व्हायची. कुणाला तिच्याशेजारी उभं राहायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, आसियातू एकटी आली. लेफिना अंगणात मका वाळत घालत होती. ती चटई आणायला वळली, पण आसियातू जमिनीवरच बसली.

"मला सगळं सांगा," ती म्हणाली. "सकाळपासून. तो आला तिथपासून."

लेफिना तिच्यासमोर बसली आणि तिनं सांगितलं. अमिदू सगळ्यांच्या आधी आला होता. त्याचा सदरा उलटा होता, तो तिनं सुलटा करून घातला. गाण्याच्या वेळी तो गायला नाही, शेजारच्या मुलीच्या वेण्या मोजत बसला. लापशी त्यानं चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरा कप मागितला.

"दिला का?"

लेफिनाला हो म्हणता आलं असतं.

"नाही. पीठ कमी होतं. म्हटलं, उद्या."

आसियातूनं डोळे मिटले. मग "पुढे," म्हणाली.

पुढे थोडंच होतं. दहाला सोडलं तेव्हा तो रांगेत शेवटचा होता. पुढच्या मुलाचा हात त्याला धरायचा नव्हता, त्याला एकट्यानं चालायचं होतं. लेफिनानं दटावलं तेव्हा त्यानं धरला. "वळणापर्यंत मी पाहिलं. हात धरलेला होता. पुढचं मी पाहिलं नाही. मी बाजाराकडे धावले."

"मी सव्वाअकराला उताराला होते," आसियातू म्हणाली. "सव्वाअकराला."

"हो."

"म्हणजे मी वेळेत होते."

"तू वेळेत होतीस."

ते तिनं आणखी दोनदा स्वतःशीच म्हटलं. मग ती रडली, पण लेफिनासमोर नाही. उठून अंगणाच्या कडेला गेली, केळीच्या आड. लेफिना जागची हलली नाही. तिला वाटलं, जवळ जायचा आपल्याला हक्क नाही.

परत आली तेव्हा आसियातूचा चेहरा धुतलेला होता. तिनं वही मागितली. लेफिनानं ती घरातून आणून दिली.

"जागा पंपापाशीच होईल," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा यादीच्या दिवसांसारखा झाला होता. "लापशीला पाणी लागतं, नर्सला पाणी लागतं. आमच्याकडे चार ठिकाणी खोदलं, खारट निघालं. प्रमुखांशी मी बोलले. पण आधी पूल. माणसं चालतील एवढा, कठड्याचा. पूल उभा राहील तेव्हा पहिली वीट. त्याशिवाय आमचे प्रमुख जागेवर सही करणार नाहीत, हे साहेबांना तुमच्या मावशीनं सांगायचं. तिनंच."

"मी सांगते तिला."

"तुमच्याशी ती बोलत नाही. मीच जाते." तिनं पानाच्या खाली आपली सही केली, वही लेफिनाकडे फिरवली आणि पेन दिलं. "करा. तुम्हीही घरं फिरलात."

लेफिनानं सही केली.

"केंद्रात तुम्ही नसाल," आसियातू म्हणाली. "मी असेन. माझ्या मुलीला मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. दुसऱ्यांच्या मुलांनाही देऊ देणार नाही."

"नको देऊस," लेफिना म्हणाली.

*

तिथून आसियातू आधी नाम्पोटाच्या अंगणात गेली. दोघींत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. बाहेर फक्त काठी आपटल्याचा आवाज आला. चार दिवसांनी साहेब आले तेव्हा नाम्पोटानं उभं राहून, ओढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं, मक्याचा निरोप आपला होता हे सांगितलं आणि पुलाची अटही आपल्या तोंडानं मांडली. चिसालेच्या प्रमुखांनी तिला बसायला हात दिला. मग त्यांनी सही केली. आसियातू त्याच दिवशी सासूच्या घरी गेली आणि दारातूनच तिला आपली वेळ, सव्वाअकरा, सांगून आली.

पहिल्या वर्षी पावसाआधी पूल झाला नाही. खांब रोवले आणि पाणी आलं, दोन खांब वाकले. काही लोक म्हणू लागले, इमारत तर सुरू करा. आसियातू ऐकेना. पाऊस ओसरल्यावर दोन्ही गावांनी पुन्हा खड्डे खणले, या वेळी साहेबांनी पाठवलेल्या गवंड्याच्या देखरेखीखाली. जूनमध्ये पुलावरून पहिली माणसं गेली आणि त्याच आठवड्यात विटा थापायला सुरुवात झाली. लेफिना विटांना आली. तिला कुणी बोलावलं नाही आणि कुणी घालवलंही नाही. ती चिखल तुडवायची, साचे भरायची आणि बाकीच्या बाया जेवायला बसल्या की घरी जायची.

ऑक्टोबरात केंद्र उघडलं. तोवर मुलं अडुसष्ट उरली होती, काही मोठी होऊन शाळेत गेली होती. लेफिनाच्या मुलीनं आपल्या लेकीचं नाव घातलं. लेफिना स्वतः तिकडे फिरकली नाही. नाम्पोटा मात्र एक दिवस तिच्या अंगणातून गेली आणि जाताजाता म्हणाली की पत्र्याखाली फार उकडतं, गवताचं छप्परच बरं होतं. एका वर्षात ती पहिल्यांदा बोलली होती.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी केंद्रातून निरोप घेऊन आली. आसियातूनं सांगितलं होतं, की मंगळवारी नर्स येते, दोन्ही गावांची तान्ही बाळं एकदम वजनाला येतात आणि काट्याच्या झोळीत घातली की सगळी एकसाथ किंचाळतात. तुझ्या आईला बाळं झोळीत घालायची हातोटी आहे. तिला मंगळवारी पाठव. फक्त मंगळवारी.

लेफिना त्या मंगळवारी लवकर गेली आणि दाराबाहेर उभी राहिली. आसियातूनं आतून पाहिलं आणि मानेनं आत बोलावलं. तुळईला काटा टांगला होता, खाली कापडाची झोळी. आया रांगेत बसल्या होत्या. एक-दोघींनी लेफिनाला पाहून बाळ छातीशी घट्ट धरलं. नर्सला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, बरं झालं आलात, गेल्या मंगळवारपासून माझे कान गेलेत.

लेफिना एकेक बाळ उचलू लागली. पाय आधी, मग पाठ, मग हात हळूच काढून घ्यायचा. आसियातू टेबलाशी बसून आकडे लिहीत होती. सकाळभर दोघींत आकड्यांपलीकडे काही बोलणं झालं नाही. तान्ही संपल्यावर बालवाडीतली मोठी मुलं आली. त्यांत साकिना होती. ती झोळीपाशी येऊन लेफिनाकडे तोंड वर करून उभी राहिली, उचला म्हणून हात पसरून.

लेफिनानं हात मागे घेतले आणि बाजूला झाली.

आसियातू टेबलावरून उठली. तिनं साकिनाला उचलून झोळीत बसवलं आणि झोळीला धरून तशीच उभी राहिली. काट्याचा आकडा तिथून तिला दिसत नव्हता.

"किती?" तिनं विचारलं.

लेफिना काट्याजवळ गेली आणि सुई स्थिर होईपर्यंत थांबली.

"तेरा किलो, सहाशे."

"बघून सांगा."

लेफिनानं पुन्हा पाहिलं. "तेरा किलो, सहाशे."

आसियातूनं मुलीला खाली उतरवलं, टेबलाशी गेली, वजन लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.